आई पाण्यात आहे

१२ जानेवारी

बाळ्या,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना. म्हणून नुसतंच बाळ्या. तिकडे तू साहेब असशील, माझ्याकडे साहेब नाहीस.

फोन करत नाहीये, कारण मी तापले की तुझ्याकडे लगेच आवाज तुटायला लागतो. कागदाचा आवाज तुटत नाही. फाडायचा तर फाड, पण फाडताना दोन ओळी तरी डोळ्यांखालून जातीलच.

तू ढब्बूला फोन केलास. वर्ष होत आलं, माझ्याशी एक शब्द नाही, आणि शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसणारा ढब्बू आता तलावाच्या समितीचा अध्यक्ष झालाय म्हणून त्याला थेट तिकडून फोन! ‘माझी शहात्तर वर्षांची आई तुमच्या तलावात उतरते हे तुम्हाला माहीत आहे का?’ माहीत आहे का म्हणजे? ती काय कुंपणावरून उडी मारून येते? दारातून येते, पास दाखवते, शॉवर घेते, टोपी घालते आणि शिडी धरून उतरते. तिला उतरवते मी. तू पहिली नोकरी धरलीस त्याच्या आधीपासून मी त्या तलावावर पोहायला शिकवतेय, हे बहुधा विसरलास.

ढब्बूने मला केबिनमध्ये बोलावलं. बिचारा खुर्चीत अवघडून बसला होता. म्हणाला, “ताई, आईला काही झालं तर बाळ्या समितीला कोर्टात खेचणार म्हणतोय.”

मी म्हटलं, “आईला काही झालं तर तो आधी विमानाचं तिकीट काढेल की आधी वकील गाठेल, ते विचारून घे.”

तो टेबलावरचे कागद सारखे करायला लागला. तू आत्ता गप्पच असशील. बरं, गप्प आहेस तर ऐक. ज्या गोष्टीवर तू उठलायस ती गोष्ट आहे तरी काय, ते सांगते.

सकाळी शाळेची पोरं गेली की तलाव जरा वेळ मोकळा असतो. पाणी स्थिर होतं, तळाच्या निळ्या फरश्या स्वच्छ दिसायला लागतात. मग कपडे बदलायच्या खोलीतून आवाज येतात. “माझी टोपी कुणी घेतली?” “तुमच्याच डोक्यावर आहे.” म्हणजे आमची म्हाताऱ्यांची बॅच आली. बोर्डावर ‘ज्येष्ठ’ लिहिलंय, पण ते स्वतःला म्हातारेच म्हणतात आणि दुसऱ्या कुणी म्हटलं की भांडतात.

पोरांना शिकवणं सोपं. शिटी वाजवली की थांबतात. यांना शिटी वाजवली की सगळे मिळून विचारतात, “कुणाला गं?” पाय मारा म्हटलं की आधी कुणाचा पाय कधी मोडला होता त्याची चर्चा. श्वास सोडा म्हटलं की हवालदार म्हणतात, “सोडतो, पण परत येईल याची हमी दे.” हे ट्रॅफिकमधून निवृत्त झालेले हवालदार. छातीभर पाण्यात उभे राहून हात आडवा करतात आणि सगळे खरोखर थांबतात. मोठ्या बाई म्हणजे एका शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, ऐंशी केव्हाच ओलांडली. त्या रोज हजेरी घेतात. एकदा मलाच उशीर झाला तर मला कठड्यावर उभं करून कारण विचारलं. आणि टेलर मास्तर. बाजारातले पोहायचे कपडे बायकांना नकोत म्हणून त्यांनी सगळ्यांना शिवून दिलेत, कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्याखाली पाय. आईने स्वतःच्याला हट्टाने खिसा लावून घेतला. पाण्यात खिसा कशाला, विचारलं तर म्हणते, “रुमाल ठेवायला.”

गेल्या आठवड्यात मास्तर पाण्यात खोकले आणि त्यांची कवळी पडली. सगळे ‘कुठे, कुठे’ करत एकदम हलले आणि तळच दिसेनासा झाला. मी बुडी मारणार तेवढ्यात मोठ्या बाई किंचाळल्या, “अगं बाई, मला चावलं!” त्यांचा पाय कवळीवर पडला होता. मास्तर बोळक्या तोंडाने माफी मागताहेत, ती कुणाला कळत नाहीये. हवालदारांना ठसका लागलाय. आणि आई! आई कठड्याला धरून इतकी हसत होती की मला तिला उचलून पायरीवर बसवावं लागलं. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. घरी गेल्यावरसुद्धा भाजी चिरताना मध्येच फुटत होती, “चावलं म्हणे!”

तू ते पाहिलं असशील, हॉलमध्ये बसवलेल्या तुझ्या कॅमेऱ्यात. एकटी बाई, हातात सुरी, आणि हसतेय. तुला वाटलं असेल, झालं, डोकं फिरलं.

ढब्बूला म्हणालास म्हणे, “या वयात झेपत नाही ते करू नये.” तिला काय झेपतं हे तू शेवटचं कधी पाहिलंस रे?

तुझी ताई


२ फेब्रुवारी

बाळ्या,

माझ्या चार पानांना तुझा चार ओळींचा मेसेज. ‘ताई, हा तुझा हट्ट आहे. पाय घसरला तर जबाबदार कोण? तुला पत्रं लिहायला वेळ आहे, आईकडे बघायला नाही. मी परवानगी देणार नाही.’

परवानगी. हा शब्द वाचला आणि माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी भांडी घासायला घेतली. घासलेली पुन्हा घासली.

बाबा गेल्यावर तू आठवडाभर आलास. माणसं भेटायला येत होती आणि तू स्टुलावर चढून हॉलमध्ये कॅमेरा बसवत होतास. मी म्हटलं, “अरे, आई आहे ती, दागिन्यांचं दुकान नाही.” तू सगळ्यांसमोर म्हणालास, “तू जवळ राहून काय दिवे लावलेस?” त्या दिवसापासून आपण बोलत नाही. ठीक आहे. पण त्या कॅमेऱ्याने काय केलं ते ऐक. आई हॉलमध्ये केस विंचरत नाही. हॉलमध्ये पाय वर करून बसत नाही. शेजारीण आली की तिला स्वयंपाकघरात नेते. स्वतःच्या घरात ती पाहुण्यासारखी राहते. आणि एक दिवस ओल्या केसांनी परत आली, तर दारातच तुझा फोन. “आई, कुठे गेली होतीस? केस ओले कशाने?” शाळकरी पोरीसारखी ती उभी राहिली रे! दुसऱ्या दिवशी तिने ओला टॉवेल त्या कॅमेऱ्यावरच वाळत घातला. मी सांगितलं नव्हतं, तिने आपण होऊन घातला. म्हणून तू ढब्बूकडे गेलास, हे मला आता कळतंय.

मला तू पाण्यात पाहतोस ते मी सोसते. पण आईला एकदा तरी खरोखर पाण्यात बघ ना!

तिला लहानपणापासून पाण्याची धास्ती, हे तुलाही ठाऊक आहे. घरात पाण्याने भरलेली बादली असली तरी तिच्यावर झाकण हवं. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला तेव्हा मला वाटलं, हे काही व्हायचं नाही. पहिले कित्येक दिवस ती शिडीच्या वरच्या पायरीवर बसून घोटे भिजवायची. कुणी हसलं नाही. मोठ्या बाई रोज हजेरीत तिचं नाव घ्यायच्या आणि म्हणायच्या, “घोट्यापर्यंत हजर.” मग गुडघ्यापर्यंत हजर. मग कमरेपर्यंत. ज्या दिवशी खांद्यापर्यंत हजर झाली त्या दिवशी हवालदारांनी सलाम ठोकला. मी विचारलं, “आई, भीती कुठे गेली?” म्हणाली, “आता कुणासाठी घाबरायचं? तुम्ही दोघं मोठी झालात.” आता ती आडवी पोहते, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. चेहरा वर, रागावलेल्या मांजरासारखा. पण पोहते!

पोहत होती, असं लिहायला हवं.

तुझ्या कोर्टाच्या धमकीनंतर समितीने नियम काढलाय. सत्तरीच्या पुढच्यांना मुलाची किंवा मुलीची लेखी संमती हवी. मी तो नियम वाचून दाखवला तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसेना. मोठ्या बाई म्हणाल्या, “माझा मुलगा स्वतः साठीला आलाय. उद्या त्याच्या सहीला त्याच्या मुलीची सही मागाल.” हवालदार म्हणाले, “माझी मुलगी मला घरात स्टूलसुद्धा चढू देत नाही, ती कसली सही देते!” पण दिली. सगळ्यांच्या मुलांनी दिली. हवालदारांच्या मुलीने तर सहीखाली लिहिलं, ‘कृपया त्यांना पाण्यात हात दाखवायला मनाई करावी.’

फक्त आईची सही नाही. मी करायला गेले तर ढब्बू म्हणतो, “ताई, तू इथे नोकरीला आहेस, तुझी चालणार नाही. आणि बाळ्याने लेखी हरकत घेतलीय.”

आई मजेत आहे.

छे, खोटं कशाला लिहू? मजेत नाही. ती रोज पिशवी घेऊन येते आणि बाकावर बसते. “घरी तरी काय करू?” म्हणते. बाकीचे पाण्यात उतरतात, पण पोहत नाहीत. तिच्या बाकासमोर कठड्याला धरून ओळीने उभे राहतात आणि गप्पा मारतात. काल मी सगळ्यांवर ओरडले, व्यायाम करा म्हणून. मास्तर म्हणाले, “आज पाणी कडक आहे गं, जात नाही.” मी टॉवेलांच्या खोलीत जाऊन रडले. रागाने रडले, आनंदून जाऊ नकोस.

सही पाठव. दुसरं काही लिहू नकोस.

ताई


११ फेब्रुवारी

बाळ्या,

सही आली नाही. मला वाटलंच होतं. आता तिची गरजही उरली नाही. काय झालं ते तुला ढब्बू सांगणार नाही, त्याला तोंड नाही. म्हणून मी सांगते.

काल बॅच सुरू व्हायच्या आधी आई बाकावरून उठली आणि सरळ त्याच्या केबिनमध्ये शिरली. मी मागोमाग धावले. ढब्बू चहा पीत होता. उठून उभा राहिला.

“बस,” आई म्हणाली. “तुझ्या अंगावर अजून शाळेतल्यासारखाच चहा सांडतो.”

“काकू, मी काय करू? बाळ्यानं लिहून दिलंय.”

“मी त्याला जन्म दिला तेव्हा त्याची परवानगी घेतली नव्हती. आता मी आंघोळीपेक्षा जरा खोल पाण्यात उतरले तर त्याची घ्यायची?”

“नियम आहे, काकू.”

“नियम? तुम्ही सगळी पोरं शाळा बुडवून नदीवर पोहायला जायचात, तेव्हा माझी सही घेतली होती? तू घरी यायचास ते कानात वाळू घेऊन. मला कळत नव्हतं असं वाटतं तुला? मी तुझ्या आईला एका शब्दाने बोलले नाही.”

ढब्बूने कप खाली ठेवला. मला वाटलं आता हसेल. पण तो म्हणाला, “काकू, आम्ही जायचो. बाळ्या कधी पाण्यात उतरला नाही.”

“म्हणजे?”

“तो वर खडकावर बसायचा. आमच्या सगळ्यांचे कपडे सांभाळत. आम्ही चिडवायचो, पाणी उडवायचो, पाय धरून ओढायचो. तो रडायचा पण उतरायचा नाही. म्हणायचा, आईने सांगितलंय, पाण्यात गेलास तर मी मरून जाईन.”

आई उभीच होती. खुर्चीच्या पाठीवर तिचा हात होता, तो तिने घट्ट आवळला. म्हणाली, “असं मी म्हणाले होते?”

ढब्बूने मान डोलावली. मग त्याने टेबलावरचा कागद तिच्यापुढे सरकवला. “काकू, तुम्हीच सही करा. तुमची तुम्ही. बाळ्याला काय सांगायचं ते मी बघतो.”

तिने केली. पण काल ती पाण्यात उतरली नाही. मी तिला घरी सोडायला निघाले तेव्हा रस्त्यात ती एकदम थांबली. भर रस्त्यात, मागून सायकलवाला घंटी वाजवतोय आणि ही थांबलेली. म्हणाली, “माझ्या लहानपणी शेजारची मुलगी बुडाली. आम्ही दोघी मिळून गेलो होतो. मी काठावर होते. ओरडायलासुद्धा आवाज फुटला नाही माझा.”

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं होतं का?

“म्हणून तुम्हा दोघांना मी तसं म्हणायचे,” ती म्हणाली. “तू कधी ऐकलंस? तू पळून जाऊन शिकलीस. माझा मार खाल्लास आणि शिकलीस. तो ऐकायचा. त्याने माझं सगळं ऐकलं गं. माझी भीती मी सोडली, आणि तो ती अजून सांभाळत बसलाय.”

मी म्हटलं, “आई, म्हणून काय तुला घरात कोंडायचं?”

ती म्हणाली, “त्याच्यावर राग धर, मी नाही म्हणत नाही. पण त्याला दुष्ट म्हणू नकोस.”

ते मी तुला जसंच्या तसं लिहिलंय. माझं मत यात काही नाही. माझं मत विचारशील तर मला तुझा कालच्यापेक्षा जास्त राग आलाय. खडकावर बसून रडलास हे मला कधी सांगितलं नाहीस म्हणून. मी तुझी मोठी बहीण होते. त्या तेवढ्या नदीवर मी तुला एका दिवसात शिकवलं असतं, आणि मार पडला असता तो दोघांनी वाटून खाल्ला असता. तू एकटाच कपडे सांभाळत बसलास, गाढवा!

ताई


१७ फेब्रुवारी

बाळ्या,

परवाचं अर्धं तू ऐकलंयस. अर्धं तुला दिसलं नाही. ते लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही.

परवा सकाळी आईने कॅमेऱ्यावरचा टॉवेल काढला. घराबाहेर पडताना त्याच्यासमोर उभी राहिली आणि पोहायची पिशवी वर उचलून दाखवली. हे तू पाहिलंस, म्हणून तर लगेच फोन केलास. पण ती तोवर फोन पिशवीत टाकून रिक्षात बसली होती. वाजत राहिला असेल, रिक्षाच्या आवाजात तिला ऐकू आला नाही.

तलावावर आल्यावर मला म्हणाली, “आज आडवी नाही. उभी जाणार. त्या टोकापर्यंत.”

त्या टोकाला पाणी दोन पुरुष खोल आहे. मी नाही म्हटलं. हो, मीही नाही म्हटलं! हसू नकोस. माझ्याच तोंडातून निघालं, “आई, तुला झेपणार नाही.” तिने टोपी कानांवर ओढली. मग शांतपणे म्हणाली, “तुझी सही हवी का?”

मी शिटी गळ्यातून काढून लाइफगार्डकडे दिली आणि तिच्याबरोबर पाण्यात उतरले.

बातमी पसरायला काय लागतं? हवालदारांनी मधली वाट मोकळी केली, हात दाखवून, मुलीची मनाई असताना. मास्तर दोरीला धरून उभे. मोठ्या बाईंना सर्दी होती म्हणून त्या बाकावर, मफलर गुंडाळून, सगळ्यांच्या पिशव्यांची राखण करत. तेवढ्यात आईच्या पिशवीत पुन्हा फोन वाजला. मोठ्या बाईंनी उचलला. आम्हाला ते काही माहीत नव्हतं. नंतर त्यांनी सांगितलं.

तू म्हणालास, “आईला द्या.”

बाई म्हणाल्या, “ती पाण्यात आहे.”

“तिला बाहेर काढा. मी तिचा मुलगा बोलतोय.”

“ती खोल पाण्याकडे निघालीय. आता तिला हाक मारायची नाही. थांबायचं तर थांब, नाहीतर ठेव.”

मोठ्या बाईंपुढे भल्याभल्यांचं चालत नाही, तुझं कुठून चालणार! पण तू ठेवला नाहीस.

आई निघाली. हात लांब, पाय तिचे ते बेडकासारखे, एक वेगळा आणि एक वेगळा. मी शेजारून जात होते, तिला हात न लावता. फरश्या जिथे खाली उतरतात आणि पाण्याचा रंग बदलतो तिथे ती थबकली. मान वर, तोंडात पाणी, डोळे मोठे. मी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. सारला म्हणजे, फटका मारला. मागून मास्तर ओरडायला लागले, “चला, चला, चला!” मग हवालदार, मग सगळे. छतावरून तो आवाज इतका घुमत होता की शाळेची पोरं दारातून परत आत आली.

तुलाही ऐकू आला असणार. बाई म्हणाल्या, तू तिकडून सारखा विचारत होतास, “काय झालं? कोण ओरडतंय? काय झालं?” आणि बाई तुला सांगत होत्या, “निम्मं झालं. दमलीय. नाही, चाललीय. चाललीय. थांबली. चाललीय.”

तिने त्या टोकाचा कठडा धरला तेव्हा मला आधी कळलंच नाही. मी अजून पाय मारत होते. ती धापा टाकत होती, नाकातून पाणी, टोपी एका कानावर. मला म्हणाली, “तू का रडतेस? पोहले मी.”

वर काढली, टॉवेलात गुंडाळली. मोठ्या बाई काठी टेकत तिथवर चालत आल्या आणि फोन तिच्या कानाला लावला. मी जवळ जाणार होते, आईने हाताने लांब उभं केलं. बराच वेळ ती ऐकत होती. तिच्या कोपरातून पाणी ठिबकत होतं. मग काहीतरी बोलली, एकदा हसली, एकदा डोळे पुसले. पण तिचं सगळं अंगच ओलं, मी नक्की सांगू शकत नाही.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “ओरडला का?”

“नाही.”

“मग काय म्हणाला?”

ती टोपी काढून पिळत होती. म्हणाली, “विचारलं, पाणी गार होतं का.”

बाळ्या, माझा राग गेलेला नाही. कॅमेऱ्याचा, ढब्बूचा, त्या ‘परवानगी’चा, कशाचाच नाही. तू समोर आलास तर आधी भांडणार आहे, मग तुला आत घेणार आहे. पण एवढंच विचारायचं होतं रे. पहिल्याच दिवशी, तिचे केस ओले दिसले तेव्हा, एवढंच विचारायचं होतंस.

गार होतं. पहिल्यांदा फार गार लागतं. मग लागत नाही.

ताई